ट्रेलर ओढायला जुना पेट्रोल हेवी-ड्यूटी ट्रक घेताय? या चुका टाळा

घरात ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच: तो ओढायचा कशाने? अमेरिकेत डिझेल हेवी-ड्यूटी पिकअपच्या किमती ऐकल्या की बरेच जण जुन्या पेट्रोल ट्रककडे वळतात. निर्णय चांगला आहे. वर्षाकाठी चार-सहा सहली, आठ-नऊ हजार पौंडांचा ट्रेलर आणि बाकीचे दिवस गाडी दारात उभी, असा वापर असेल तर टर्बो, इंजेक्टर आणि डीईएफ (डिझेलचा धूर शुद्ध करणारं द्रव) यंत्रणेच्या महागड्या दुरुस्त्या गळ्यात घ्यायचं कारण नाही. घोळ होतो तो निवडताना. लोक मॉडेलचं नाव बघून पैसे मोजतात आणि समोर उभी असलेली गाडी नीट बघायची राहून जाते.

जाहिरातीतल्या टोइंगच्या आकड्यावर विसंबणं

“चौदा हजार पौंड ओढतो” असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा त्या मॉडेलच्या सगळ्यात अनुकूल रचनेचा असतो. तुमच्यापुढची गाडी चार दारांची, फोर-व्हील-ड्राइव्ह, मागच्या हौद्यावर टोपी, म्हणजे कडक झाकण, बसवलेली असेल, तर तिचा आकडा वेगळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रेलर ओढताना आधी संपतो तो पेलोड, म्हणजे ट्रकवर स्वतःवर लादता येणारं वजन. ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचं पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर पौंडांत लिहिलेलं असतं. ते त्याच गाडीचं असतं, म्हणून ब्रोशरपेक्षा तेच खरं मानायचं.

समजा, स्टिकरवर 2,900 पौंड आहेत आणि ट्रेलर भरल्यावर 9,000 पौंडांचा होतो. साध्या ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर येतं. 13 टक्के धरले तर 1,170 पौंड झाले. वजन वाटून देणारा हिच 100, पाच माणसं 750, मागची टोपी 200, जनरेटर, सायकली आणि शिधा मिळून 400. एकूण 2,620. बसलं! पण हाच ट्रक 12,000 पौंडांच्या फिफ्थ-व्हीलला (ट्रकच्या हौद्यात जोडायच्या मोठ्या ट्रेलरला) लावला तर? तिथे 20 टक्क्यांच्या आसपास भार थेट ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणजे 2,400 पौंड. त्यावर पाच माणसं चढली की मर्यादा ओलांडली, मग जाहिरातीत चौदा हजार असोत नाहीतर सोळा. पेट्रोल ट्रकचा इथे एक फायदा आहे: डिझेल इंजिन काही शे पौंडांनी जड असतं, त्यामुळे एकूण वजनाची मर्यादा सारखी असली तर पेट्रोल ट्रकचा पेलोड जास्त भरतो.

ट्रेलरचं वजन धरतानाही रिकाम्या वजनावर जाऊ नका. ट्रेलरच्या पाटीवरची कमाल मर्यादा धरा. नुसतं पाणी गॅलनला साडेआठ पौंडांच्या घरात जातं.

अॅक्सल रेशो न विचारणं

चाकांचा एक फेरा व्हायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो अॅक्सल रेशो. आकडा मोठा तितकी ओढ जास्त. एकाच वर्षाचे, एकाच इंजिनाचे दोन ट्रक शेजारी उभे असतात. एकाचा रेशो 3.73, दुसऱ्याचा 4.10. ओढण्याच्या क्षमतेत काही हजार पौंडांचा फरक पडू शकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. फोर्डमध्ये अॅक्सलचा कोड दाराच्या स्टिकरवर असतो. जीएमच्या जुन्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समधल्या कोडच्या यादीत जीटी4 असेल तर 3.73 आणि जीटी5 असेल तर 4.10. आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर घातले असतील तर हिशोब पुन्हा बदलतो. 33 इंचांच्या जागी 37 इंची टायर आले की 4.10 चं काम 3.66 सारखं होतं. असा उंच केलेला, दिसायला रुबाबदार ट्रक ट्रेलरसाठी मी तरी घेणार नाही.

नुसते मैल बघून खूश होणं

पेट्रोल हेवी-ड्यूटी ट्रक मोठ्या संख्येने कंपन्यांच्या ताफ्यातून बाजारात येतात. बांधकामाच्या जागेवर एसी लावून तासन्‌तास इंजिन चालू ठेवलेलं असतं आणि मैल मात्र वाढत नाहीत. डॅशबोर्डच्या मेन्यूत इंजिनाचे तास सापडतात. मैलांना तासांनी भागा. 90,000 मैल आणि 2,500 तास म्हणजे सरासरी वेग 36, ठीक आहे. तेच 90,000 मैल 4,500 तासांत झाले असतील तर सरासरी 20 येते. म्हणजे इंजिनाची झीज मैलांत दिसते त्याहून बरीच जास्त आहे. ताफ्यातली गाडी वाईटच असते असं नाही. ऑइल बदलल्याच्या नोंदी असतील तर ती घरगुती गाडीपेक्षा सरस निघू शकते.

गरम इंजिन तपासणं

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, “मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर त्याने ती आधी का चालवली, हे विचाराच. थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक आवाज आला आणि पाच-दहा मिनिटांत विरला, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा) बोल्ट तुटलेला असतो. धातू तापून फुगतो, फट बुजते आणि आवाज जातो. जीएमच्या 6 लिटर व्ही8 मध्ये आणि रॅमच्या हेमी व्ही8 मध्ये हा दुखणेकरी भाग नेहमीचाच. मोबाइलचा टॉर्च लावून फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडच्या) शेवटच्या बोल्टांकडे बघा. डोकं नसलेला बोल्ट किंवा सांध्यावर काजळीचा काळा पट्टा दिसला की कळतं. याचा खर्च भावात वळता करून घेता येतो. पण इंजिन पूर्ण तापल्यावरही टकटक चालूच राहिली तर लिफ्टर-कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या इंजिनातल्या भागांची शंका घ्या. तिथे घासाघीस करत बसू नका, सरळ दुसरी गाडी बघा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनरही लावा. एरर कोड नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या) अपूर्ण दिसतात, याचा अर्थ कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

पेट्रोल इंजिनाकडून डिझेलची अपेक्षा

ही चूक घेतल्यानंतर उघड होते. चढावर इंजिन चार-साडेचार हजार आरपीएमवर जातं, आवाज वाढतो, घरचे घाबरतात आणि ड्रायव्हर पाय उचलतो. पेट्रोल व्ही8 ची ताकद तिथेच असते, त्यासाठीच ते बनवलेलं आहे. टो/हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा आणि गिअरबॉक्सला त्याचं काम करू द्या. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं, हे मात्र लक्षात असू द्या. कोलोरॅडोत आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे. तिथे 400 हॉर्सपॉवरचे जेमतेम 270 उरतात. दर सुट्टीत तिथले रॉकीज पर्वत गाठायचे असतील तर मोठं इंजिन घ्या: फोर्डचं 2020 पासूनचं 7.3 लिटर किंवा जीएमचं त्याच वर्षापासूनचं 6.6 लिटर. टेक्सास किंवा फ्लोरिडाच्या सपाटीवर फोर्डचं जुनं 6.2 सुद्धा निभावून नेतं. ट्रेलर मागे असताना गॅलनला आठ-दहा मैल मिळतील, ते आधीच बजेटमध्ये धरा.

खाली न वाकणं

ओहायो, मिशिगनसारख्या, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या राज्यांतली गाडी वरून चकचकीत असते, पण चेसिस आणि ब्रेकच्या नळ्या गंजाने पोखरलेल्या असू शकतात. लिफ्टवर चढवून स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घ्या. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतक्या जुन्या टायरवर ट्रेलर ओढू नका.

गाडी घेतली की पहिल्या सहलीला निघताना माणसं, सामान, भरलेली टाकी आणि ट्रेलर यांच्यासकट हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) वजन करून घ्या. पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर यांचे वेगवेगळे आकडे छापील पावतीवर मिळतात. अॅक्सलचे आकडे दाराच्या चौकटीवरच्या मर्यादांशी ताडून बघा. मागचा अॅक्सल जास्त भरला तर सामान ट्रेलरमध्ये त्याच्या चाकांच्या वर येईल असं हलवा आणि पुन्हा वजन करा.