प्रमाणपत्रावर नुसता आजार नको, गरज लिहून घ्या

मधुमेह, दमा, सिकलसेल सांभाळत किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत कोरोनासारख्या साथीच्या काळात पदवीला प्रवेश घेणाऱ्यांनी औषधांइतकीच काळजी कागदांची घ्यावी. औषध एक वेळ दुसऱ्या दुकानात मिळेल. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा विभागाचा शिक्का मिळत नाही.

बहुतेक जण अडकतात ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात. ‘सदर विद्यार्थ्यास टाइप १ मधुमेह आहे, कृपया सहकार्य करावे’ एवढाच मजकूर असलेला कागद फायलीला लागतो आणि तिथेच राहतो. त्यात क्लार्कचा दोष नाही. ‘सहकार्य’ म्हणजे नेमकं काय आणि किती मिनिटं, हे ठरवायचा अधिकार त्याला नसतो. म्हणून डॉक्टरांसमोर बसूनच मजकूर करून घ्या: ‘परीक्षेदरम्यान ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर व पाणी जवळ ठेवू द्यावे. साखर ७०च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी लागते. तेवढा वेळ भरून द्यावा. त्यासाठी कॅमेऱ्यासमोरून हलल्यास गैरप्रकार धरू नये.’ वस्तू, आकडा, मिनिटं असं सगळं त्यात हवं. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख, सही, शिक्का.

कॅमेऱ्याचं वाक्य गाळू नका. २०२०-२१च्या ऑनलाइन परीक्षांत अनेक ठिकाणी देखरेखीचं सॉफ्टवेअर होतं. चेहरा चौकटीबाहेर गेला की ताकीद येते, ताकिदी साचल्या की पेपर बंद पडतो किंवा कॉपीचा संशय नोंदला जातो. हात थरथरत ग्लुकोजचा डबा शोधणारा आणि मांडीवरच्या चिठ्ठीत बघणारा, दोघे त्याला सारखेच दिसतात. नंतर कितीही खरं सांगितलं तरी पहिला प्रश्न ‘आधी का नाही कळवलं?’ हाच येतो.

त्यामुळे अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच द्या, प्राचार्यांमार्फत परीक्षा नियंत्रकांच्या नावे. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या, तीच प्रत ईमेलनेही पाठवा. तोंडी ‘हो हो, बघू’ याला पोच म्हणत नाहीत. ऑनलाइन पेपरला जादा वेळ लॉगिनआधी सिस्टीममध्ये भरावा लागतो. ऐनवेळी पर्यवेक्षकाच्या मनात असलं तरी तो घड्याळ थांबवू शकत नाही. आणि सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये धावण्यापेक्षा आधी कार्यालयीन अधीक्षकांना भेटा. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना जास्त ठाऊक असतं. ‘ओळखीच्या डॉक्टरकडून मागची तारीख टाकून घे’ असं सांगणाऱ्या सीनियरपासून मात्र लांब राहा. पकडलं गेलं तर तुमच्या खऱ्या आजारावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कायदा थोडा तरी माहीत हवा. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. मधुमेह आणि दमा नाहीत. यादीतल्यांनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधीच काढावं, तपासणीच्या रांगा साथीत आणखी लांबतात. लेखनिकाची, म्हणजे आपल्या वतीने पेपर लिहिणाऱ्याची, सवलत लागू असेल तर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. यादीत नाव नाही म्हणून घाबरू नका. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट धरून बसणं चूक ठरवलं. अर्जात त्याचा उल्लेख करा. मिळेलच असं नाही, पण ‘नियमात बसत नाही’ एवढं बोलून तुम्हाला परत पाठवणं अवघड जातं.

वर्ग भरू लागले की प्रॅक्टिकलचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात २० ऑक्टोबर २०२१पासून कोविड लसीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी कॉलेजं उघडली. पण प्रत्यारोपणानंतरची किंवा तशीच औषधं घेणाऱ्यांत लसीचा परिणाम कमी पडू शकतो, तेव्हा दोन डोसांवर निर्धास्त होऊ नका. सकाळची पहिली, लहान बॅच आणि खिडकीजवळचं टेबल लेखी मागा. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसतोय ना, ते पाहा. हजेरीच्या सवलतीचा अर्ज डिफॉल्टर यादी (हजेरी कमी पडलेल्यांची) लागण्याआधी द्यायचा. यादी लागल्यावर तो विनवणी ठरतो.

हॉस्टेलवर दम्याच्या मुलांनी सामायिक खोलीत नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावू नये, आजारी असाल तर त्याच्या वाफेतून विषाणू पसरू शकतो. डॉक्टरांना विचारून इनहेलर स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या नळकांड्यातून, घ्या. रोजचा प्रतिबंधक पफ ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत हवा. वापरातली कुपी साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानात चालते, पण विदर्भातल्या मे महिन्यात खोलीचं तापमान धरून चालत नाही. फ्रीज नसेल तर कोरड्या डब्यात घालून डबा माठात ठेवा. ताप आला, जेवण गेलं, तरी टाइप १मध्ये इन्सुलिन बंद करायचं नाही. साखर जास्त वेळा तपासा, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) बघा, डॉक्टरांना फोन करा. महिन्याभराचा साठा हाताशी ठेवा.

पुढच्या सत्राला हाच सगळा संच नव्या तारखेने पुन्हा द्या. मागच्या सत्राची फाइल कोणी आपणहून उघडत नाही.