जुनी गाडी चालू होत नाही तेव्हा: गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

कामाला लागून मला सहा-सात महिने झाले होते. कार्बोरेटरची एक जुनी गाडी आली. चावी फिरवली की सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर) कण्हत अर्धा फेरा मारायचा आणि थांबायचा. मी उभ्या उभ्या निकाल दिला, बॅटरी गेली. दुसरी लावली, तेच. मग गाडीखाली शिरलो, गंजलेल्या बोल्टांशी तासभर झटापट करून सेल्फ उतरवला आणि व्हाइसमध्ये पकडून थेट बॅटरीवर लावला. भिंगरीसारखा फिरला! परत बसवला, तर पुन्हा तेच कण्हणं.

उस्ताद एवढा वेळ नुसते बघत होते. शेवटी म्हणाले, "मी सेल्फ मारतो, तू चोकच्या केबलवर हात ठेव." ठेवला आणि लगेच मागे घेतला. थंड इंजिन चालू करताना ओढतात त्या चोकची ती केबल चटका बसेल इतकी तापली होती.

त्याचं कारण असं. बॅटरीचा निगेटिव्ह त्या गाडीत बॉडीला जोडलेला होता. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून जवळजवळ तुटलेलंच. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तारांची विणलेली एक जाड पट्टी असते, तिला आपण अर्थिंग म्हणतो. ती पट्टी बोल्टाखाली गंजून गेली होती. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर करंट सहज लागतो. परतीचा सरळ रस्ता बंद झाल्यावर तो बिचारा चोकच्या बारक्या केबलमधून बॉडीकडे जायला बघत होता. बोल्ट काढला, दोन्हीकडचा धातू घासून चकचकीत केला, पट्टी नवी टाकली. पुढचा सेल्फ पहिल्याच झटक्यात लागला.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. पाना हातात घ्यायच्या आधी मालकाला दोन गोष्टी विचारतो: शेवटची कधी चालू झाली होती, आणि त्यानंतर कुणी हात लावला का? दुसऱ्या प्रश्नाला लोक आधी "नाही" म्हणतात, मग हळूच "म्हणजे फक्त टेप बसवलाय" असं निघतं.

मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि ऐकायचं. सेल्फच मारत नाही, की सेल्फ व्यवस्थित मारतो पण इंजिन पकडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात पेट्रोलकडे बघण्यात अर्थ नाही आणि दुसऱ्यात बॅटरी बदलण्यात.

सेल्फ मारत नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बहुतेक बॅटरी बसली आहे, टर्मिनल खराब आहे किंवा सेल्फ आतून जाम आहे. दिव्यांना काहीच फरक पडला नाही तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा विजेचा स्विच), त्याची बारीक वायर, चावीचा स्विच हा रस्ता धरा. आवाजही बोलतो. भराभर टकटक आली तर बहुधा व्होल्टेज कमी, एकच "टक्" येऊन शांत झालं तर सोलेनॉइड किंवा सेल्फकडे संशय.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. गाडी उभी राहून काही तास झाले असतील तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ दाखवली तर ती जवळजवळ रिकामी. पण नुसत्या उभ्या बॅटरीच्या आकड्यावर विसंबू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीचा दम संपलाय, किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. अर्थिंगची तपासणीही अशीच, भार असतानाच. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी गंज बसलाय. ही तपासणी मला तेव्हा माहीत असती तर तो सेल्फ उतरवावा लागला नसता.

आता सेल्फ मारतो पण पकडत नाही, हा प्रकार. आधी फिरण्याचा आवाज ऐका. नेहमीच्या दमदार ठोक्यांऐवजी इंजिन हलकं, एकसारखं आणि जास्त वेगाने फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवा. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

ते नसेल तर स्पार्क बघा. प्लग काढून वायरीला लावा, त्याचा आट्याचा भाग इंजिनच्या धातूला टेकवा, इन्सुलेटेड पकडीने धरा आणि प्लगच्या उघड्या भोकापासून लांब ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर वायर अधांतरी सोडून सेल्फ मारू नका, मोड्यूल जाऊ शकतो. पॉइंटवाल्या गाडीत (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क) बरेच महिने उभं राहिल्यावर पॉइंटवर मळकट थर चढतो. आधी तो साफ करा, मग कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला, दोष द्या. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणाऱ्या भागाची) टोपी उलटी करून उजेडात धरा. केसासारखी काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथून पळतोय.

एक लक्षण मात्र पाठच करा: सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडताक्षणी बंद पडतं. पॉइंटवाल्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज जातं आणि नंतर बॅलास्ट रेझिस्टरमधून कमी केलेलं. तो रेझिस्टर तुटला की नेमकं असं होतं. यावर लोक कार्बोरेटर खोलून बसतात. मीही बसलोय.

स्पार्क ठीक असेल तर पेट्रोल. एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटर हलवा. आत बारीक पिचकारी दिसली तर निदान तिथपर्यंत पेट्रोल आलंय. प्लग ओला आणि वास उग्र असेल तर ओव्हरफ्लो आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून ठेवायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. काटा पाव टाकी दाखवतोय म्हणून पेट्रोल आहे असं धरू नका. जुन्या गाडीचा काटा थापा मारतो.

गाडी चालू झाली की चावी लगेच मालकाला देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. अर्थिंगवाली ती गाडी मी हे न मोजताच सोडली होती. तीन दिवसांनी ती टोचन लावून परत आली. या वेळी बॅटरी खरंच बसली होती, कारण अल्टरनेटर चार्जच करत नव्हता.