सुइसेकी मांडताय? या चुका टाळा

सुइसेकी म्हणजे डोंगर किंवा निसर्गदृश्याची आठवण करून देणारा, निसर्गात सापडलेला दगड मांडायची जपानी कला. नदीतून उचलला तेव्हा दगड काळाभोर, तुकतुकीत होता. घरी आणला, वाळला आणि राखाडी होऊन बसला. मग माणूस तेलाची बाटली काढतो. मीही काढली होती, चांगली खोबरेलाची. दोन दिवस दगड झळकला, नंतर त्यावर धुळीचा असा चिकट थर बसला की साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घासता घासता पुरेवाट झाली. जपानी मंडळी याऐवजी 'योसेकी' करतात. दगड उघड्यावर, ऊन-पावसात ठेवायचा, पाणी घालत राहायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. रंग आपोआप मुरतो. वार्निशचं तर नावच काढू नका.

पाणी शक्यतो पावसाचं घाला, बोअरच्या पाण्याने पांढरे क्षार चढतात. ते काढायला लिंबू किंवा व्हिनेगर लावायचं मनात येईल, पण आधी दगड निरखून बघा. आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये पांढरे ठिपके असतात, त्यातले काही कॅल्साइटचे. आम्ल पडलं की ते फसफसतात आणि त्या जागी खळगा उरतो.

दगड डुगडुगतो म्हणून ग्राइंडरने बूड सपाट करणारेही आहेत. जपानमध्येही कापलेले दगड मिळतात, पण न कापलेल्याचा मान वेगळाच. डुगडुग थांबवणं हे 'दाइझा'चं, म्हणजे दगडाच्या मापाने कोरलेल्या लाकडी बैठकीचं काम. तिथे गफलत होते ती अंदाजाने कोरल्यामुळे. दगडाच्या बुडाला खडू चोळा, लाकडावर टेकवा, जिथे डाग उमटेल तेवढंच पटाशीने खरवडा. मग पुन्हा खडू, पुन्हा टेकवणं. दहा-वीस वेळा तरी होतं हे. पाय तिथेच काढा जिथे दगडाचा भार येतो. आणि नक्षीकाम आवरा, नाहीतर लोक बैठकच बघत बसतात.

दाइझा नसेल तर 'सुइबान', म्हणजे भोक नसलेलं उथळ तबक, त्यात वाळू किंवा पाणी. डोंगरासारखा दगड त्यात बरोब्बर मध्यभागी ठेवला की मेलाच. किंचित एका बाजूला आणि जरा मागे सरकवा, उतार ज्या दिशेला धावतो तिकडे जास्त मोकळी जागा सोडा. मागे चित्र लावायचं तर डोंगराचं नको. डोंगर समोर आहेच, चंद्र किंवा उडते पक्षी चालतील.

दर्शनी बाजू ठरवायची घाई करू नका. दगड बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवून आठवडाभर येता-जाता फिरवून बघा. माझ्या एका दगडाची बाजू मी वर्षभर चुकीची धरली होती. झाडलोट करताना मावशींनी तो उलटा ठेवला, तेव्हा कळलं. तसाच ठेवलाय.