भाकरी कमी कशी झाली? गणिताच्या तासाला चुकलेलं उत्तर हाताळताना

"सर, १/२ अधिक १/३ म्हणजे २/५."

अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली की हे उत्तर येतंच. वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. मुलाच्या हिशेबानं त्यात वावगं काही नाही. "चूक, बस खाली" म्हटलं की तास पुढं सरकतो आणि चूक जागच्या जागी राहते. त्यापेक्षा ते उत्तर खरं धरून दोन पावलं पुढं न्या.

"ताटात अर्धी भाकरी आहे. आईनं वर आणखी तिसरा हिस्सा वाढला. आता अर्धीपेक्षा जास्त की कमी?"
"जास्त की सर!"
"तुझं उत्तर काय? पाच तुकड्यांतले दोन. अर्धीला किती लागतात?"
"अडीच... सर, भाकरी कमी झाली."
"मग आईनं वाढली का काढून घेतली?"

वर्ग हसतो, पण त्या २/५ ला हसतो. इथंच थांबलात तर उद्या वहीत पुन्हा २/५ दिसणार. हसू ओसरायच्या आत फळ्यावर गोल काढा, सहा समान भाग करा: अर्धी म्हणजे ३ तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे २, मिळून ५/६. छेद सारखे का करायचे, तर तुकडे सारखे असल्याशिवाय मोजता येत नाहीत म्हणून. लगेच १/४ + १/३ त्याच मुलाला द्या. (खरी कडक भाकरी आणून तोडून दाखवायचा मोह आवरा. तिचे सहा सारखे तुकडे होत नाहीत, चुरा मात्र होतो. कागदाची चकती बरी.)

उत्तर फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं, बाजूला नाव नाही. "कसं केलंस?" हे बरोबर उत्तरालाही विचारायचं, नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, हे पोरं आठवड्यात ओळखतात. विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक शिक्षक इथंच घाई करतात आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात.

सोलापुरात एक चूक मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नये. "तेवीस लिही" म्हटलं की पोर ३२ लिहितं. घरी तेलुगू असेल तर ते "इरवै मूडु" ऐकत आलंय, कन्नड असेल तर "इप्पत्तमूरु". दोन्हीकडं आधी वीस, मग तीन. मराठीत तीन आधी कानावर पडतात, आणि कानानं ऐकलं तेच हात लिहितो. एकोणतीस तर त्याहून वाईट: "तीस" ऐकून थेट ३९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस तीन" अशी जोडी आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. तो वाद काहीही असो, इथल्या वर्गात ती फोड कामाची आहे. तेवीस, वीस तीन, इरवै मूडु असं एकाखाली एक लिहा आणि त्याच मुलाकडून वर्गाला तेलुगू आकडे म्हणवून घ्या. आता बाकीचे अडखळतात, आणि हे हसू कुणाला बोचत नाही.

दशांशात पैशांचं उदाहरण जपून वापरा. ०.३५ मोठं की ०.४, हे ३५ आणि ४० पैशांनी सुटतं. पण २.५ ला "दोन रुपये पाच पैसे" वाचणारं पोर २.५ + २.५ = ४.१० लिहून मोकळं होतं. तिथं टेप काढा. अडीच-अडीच मीटरच्या दोन चादरी टोकाला टोक लावून अंथरल्या, तर ५ मीटर भरायला हव्यात. "तुझ्या ४.१० मध्ये ९० सेंटिमीटर कुणी ढापले?"

(३ + २) चा वर्ग ९ + ४ म्हणजे १३ आला, तर ५ बाय ५ चौकटींचा कागद कापा. राहिलेल्या १२ चौकटी दोन आयतांत हाताला लागतात.

गंमत कुठं बिघडते? एकाच मुलावर एका तासात दोनदा केली की. किंवा मधल्या सुट्टीत "ए दोनपंचमांश" अशी हाक ऐकू आली की. ती त्याच दिवशी बंद करा. शिवाय 'अ' तुकडीतला विनोद 'ब' तुकडीत तुमच्याआधी पोचतो. तिथं भाकरी सोडा, शेंगाचटणीचा डबा घ्या.

राहिलं −३ − ५ = +८. "वजा वजा अधिक" हा गुणाकाराचा नियम, आपणच तो मंत्रासारखा घोकून घेतलेला असतो.

"दुकानात ३ रुपये उधारी, आज आणखी ५ ची केलीस. आता दुकानदार तुला ८ रुपये देणार?"
"दुकान कुठाय सर?"

वर्गाला मनसोक्त हसू द्या. मग त्यालाच फळ्यापाशी बोलवा आणि −४ − ६ द्या.