हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी आल्यावर वाटणारी धास्ती कशी हाताळावी

अँजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडून, आणि ती उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवून माणूस घरी येतो तेव्हा नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. त्याची स्वतःची धास्ती मात्र तिथूनच सुरू होते, कारण अतिदक्षता विभागात मॉनिटरवर सतत कोणाचे तरी लक्ष असते आणि घरी दिवा मालवल्यावर आपल्या ठोक्यांशिवाय दुसरे काही जाणवत नाही. माझे वडील पहिले काही आठवडे रात्री २ वाजता उशीला टेकून, मनगटावर बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत बसलेले दिसत. नाडी जलद लागली की ते घाबरत आणि घाबरले की ती आणखी जलद होई.

यावर आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो एक कागद. छातीत दुखले तर काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून दिवसाउजेडी लिहून ठेवावे, म्हणजे रात्री घाबरलेल्या मनावर निर्णयाचा भार पडत नाही. आमच्या कागदावर असे होते: हातातले काम सोडून खाली बसायचे, डॉक्टरांनी दिलेली, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायची आणि ५ मिनिटांत दुखणे थांबले नाही, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा. गोळी बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ यांपैकी काही असेल, तर ‘ही नुसती भीतीच असेल’ असा निवाडा घरी बसून कोणीही करू नये.

नाडी आणि रक्तदाब डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच मोजावा. अस्वस्थ वाटू लागल्यास नाकाने सावकाश श्वास घेऊन तो त्याहून सावकाश सोडावा; श्वास रोखून धरण्याचे प्रकार किंवा कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

चालण्याचे महत्त्व मला फार वाटते. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटांपासून सुरुवात करावी आणि चालता चालता बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. ठोके वाढतात, थांबल्यावर पुन्हा खाली येतात आणि काहीही वाईट घडत नाही, हा अनुभव रोज आल्याने मनाला जो भरवसा वाटतो, तो कितीही समजावून सांगितले तरी वाटत नाही. वडील प्रथम कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत एकटे जाऊन आले, त्या रात्री ते सलग झोपले.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने कधीही बंद करू नयेत. त्या बंद केल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. एखाद्या गोळीने थकवा येत असेल किंवा झोप बिघडत असेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. झोपेसाठी मद्याचा आधार घेऊ नये. भेटीला येऊन दुसऱ्या झटक्याच्या कहाण्या सांगणाऱ्यांना घरच्यांनी दारातच, नम्रपणे पण स्पष्ट, थांबवावे. रात्री श्वास चालू आहे ना, हे पाहण्यासाठी जाग्या राहणाऱ्या पत्नीचीही विचारपूस व्हावी. तिची भीती बहुधा कोणी विचारतच नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, घबराट किंवा निद्रानाश राहिल्यास हृदयरोगतज्ज्ञांना ते आपणहून सांगावे व मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. हृदयरुग्णांना चालतील अशी औषधे उपलब्ध आहेत. जवळपास कोणी नसल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. हा क्रमांकही त्याच कागदावर, १०८ च्या खाली, लिहून ठेवावा.