पोकळ चौकोनी पाइपची बकलिंग चाचणी कशी घ्यावी

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेला बॉक्स पाइप खांब म्हणून उभा करण्यापूर्वी तो किती भाराला बाक धरतो हे पाहायचे असेल, तर निम्मे काम जॅकला हात लावण्याआधी करावे लागते. पाइपची दोन्ही टोके अक्षाशी काटकोनात घासून सपाट करावीत, चारही भिंतींची जाडी व्हर्नियरने मोजावी आणि टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून पाइपला मुळात किती बाक आहे ते लिहून ठेवावे.

मग अपेक्षित भार काढावा. दोन्ही टोके फिरती असलेल्या ५०×५०×३ मिमी मापाच्या २ मीटर पाइपला ऑयलरच्या सूत्राने (अगदी सरळ, आदर्श खांब किती भाराला बाक धरेल हे सांगणाऱ्या) सुमारे १०३ किलोन्यूटन मिळतात. मात्र ३१० मेगापास्कल यील्डचा (यील्ड म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो) पाइप थंड घडणीचा असेल, तर पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८०० : २००७ मधील खांबांसाठीचा ‘बी’ वक्र सुरक्षा गुणकाशिवाय ७४ च्या आसपासच आकडा देतो, आणि मूळचा बाक व पोलादात उरलेले ताण यांचा हिशेब त्यातच धरलेला असल्यामुळे माझा भरवसा याच आकड्यावर असतो.

पाइप उभा करताना घाई करू नये. रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये एकदा पाइप मध्यापासून ५ मिमी सरकलेला राहिला, पाइप बाजूला किती सरकतो ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा पहिल्या भारापासूनच पळू लागला आणि ती चाचणी बाद करावी लागली. तेव्हापासून आम्ही आधी ७-८ किलोन्यूटन भार देऊन समोरासमोरच्या भिंतींवरील स्ट्रेन गेज (भिंत किती दबते ते मोजणाऱ्या चिकटपट्ट्या) यांचे आकडे जुळतात का ते पाहतो, आणि जुळेपर्यंत टोके सरकवतो.

मध्यावर एकमेकांशी काटकोनात दोन डायल गेज लावून भार ५-५ किलोन्यूटनने वाढवावा आणि ६० नंतर १-१ ने. पाइपला आधीच चुन्याचा पातळ हात दिलेला असला, तर आत वळणाऱ्या बाजूला पोपडे सुटताना दिसतात, म्हणजेच तिथे यील्ड सुरू झालेले असते. त्यापूर्वीच डायल गेज काढून सर्वांनी मागे सरावे, कारण कमाल भारानंतर पाइप क्षणात वाकतो. तो उडू नये म्हणून सैल साखळी सुरुवातीपासूनच बांधलेली असावी.

शेवटी, वेल्ड नसलेल्या भिंतीच्या न वाकलेल्या भागातून पट्टी कापून तिची ताण-चाचणी घ्यावी आणि तिच्या खऱ्या यील्डवरून ७४ चा आकडा पुन्हा काढून कमाल भाराशी ताडून पाहावा.