घरच्या शिवणकामासाठी ओव्हरलॉक आणि जोडीचं शिलाई मशीन कसं निवडावं

ब्लाउज घरी शिवायचा आणि कडांना ‘इंटरलॉक’ मारायला कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्याकडे धावायचं, याचा कधीतरी कंटाळा येतोच. मग आपण दुकानात जातो आणि दुकानदार पुढे करील ते मशीन उचलून आणतो. तिथेच गडबड होते. इंदूरच्या मराठी घरांत अजून पायमशिनी आहेत, मापं घेणारे हात आहेत, त्यामुळे कापड कसं बेतावं हे मी सांगत बसत नाही. दोन मशिनी कशा निवडायच्या, तेवढंच सांगते.

आधी एक गैरसमज दूर करा. ओव्हरलॉक, म्हणजे बाजारातलं ‘इंटरलॉक’, हे शिलाई मशीनच्या बदल्यात घ्यायचं मशीन नव्हे. ते एकाच वेळी कड कापतं, शिवतं आणि दोऱ्यांनी गुंडाळतं. पण त्यावर चेन लावता येत नाही, काज होत नाही, कॉलरवर वरून टीप मारता येत नाही. पैसे एकाच मशीनपुरते असतील तर आधी शिलाई मशीन घ्या. आणि साध्या मशीनला जोडायचा ‘ओव्हरलॉक फूट’ म्हणजे ओव्हरलॉक, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्याला ना सुरी असते ना लूपर, म्हणजे कडेभोवती दोरा फिरवणारा आकडा. झिगझॅग टीप कडेवर नीट बसवणं एवढंच त्याचं काम.

ओव्हरलॉक दोन सुयांचं, चार दोऱ्यांचंच घ्या. टेबलावर बसवून मोटरवर चालवायचं काळं तीन दोऱ्यांचं मशीन स्वस्त पडतं आणि दिवसभर परकर-ब्लाउज शिवणाऱ्या कारागिराला ते पुरतं. घरात मात्र आज महेश्वरीचा ब्लाउज, उद्या मुलाचा टी-शर्ट, परवा उशांचे अभ्रे असं काम असतं. चार दोऱ्यांच्या मशीनवर टी-शर्टची बाजूची शिवण एकाच फेरीत पक्की होते आणि पातळ कापड आलं की एक सुई काढून तीन दोऱ्यांवर शिवता येतं. डावी सुई काढलीत तर कड अरुंद आणि हलकी येते. पातळ कापडाला तीच शोभते.

डिफरन्शियल फीड नसेल तर ते मशीन घेऊ नका. कापड पुढे सरकवणारे दाते या मशीनला दोन जोड्यांत असतात आणि दोघांचा वेग वेगळा ठेवता येतो. घरगुती मशिनींवर या दोन वेगांच्या प्रमाणाचा आकडा बहुधा ०.७ पासून २ पर्यंत असतो. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ताणणारं कापड, शिवताना कड झालरीसारखी लहरायला लागली की आकडा दीडच्या वर न्यायचा. पातळ कापडाला चुण्या पडल्या की एकच्या खाली आणायचा.

आता दोरा ओवण्याबद्दल. मशीन झाकून कपाटावर जातं ते याच पायरीमुळे, आणि सुरुवातीला मलाही हिनेच रडवलं आहे. दुकानात मशीन दोरे ओवूनच ठेवलेलं असतं. विक्रेता दुहेरी कॉटनची चिंधी घालतो, सुबक कड काढून दाखवतो आणि वर म्हणतो, “मैडम, सेट करके दिया है, बस इसको छेड़ना मत.” हा सल्ला मानू नका. दोरा तुटणारच, रंग बदलावे लागणारच. ज्या मशीनला हात लावायची भीती वाटते ते घरात कोणी वापरत नाही. म्हणून चारही दोरे कात्रीने कापायला सांगा आणि त्याच्यासमोर स्वतः ओवा. हे करू देत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.

ओवायचा क्रम बहुतेक घरगुती मशिनींवर असा असतो: आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर, शेवटी सुया. सुया शेवटी, हे पक्कं लक्षात ठेवा. खालच्या लूपरचा दोरा मध्येच तुटला तर आपण काय करतो? तेवढाच पुन्हा ओवतो, चार टाके होतात आणि तो पुन्हा तुटतो. लोक मशीनला दोष देतात, दोरा बदलतात, टेन्शन म्हणजे दोऱ्याच्या ताणाची डायल फिरवतात. खरं कारण असं, की सुयांचे दोरे आधीच खाली उतरलेले असतात आणि नवा दोरा त्यांच्यात अडकतो. सुयांचे दोरे बाहेर ओढा, खालचा लूपर ओवा, मग सुया पुन्हा ओवा. या एका सवयीने निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी गोष्ट, ओवताना फूट वर उचललेलं ठेवा. बऱ्याच मशिनींवर फूट उचललं की टेन्शनच्या चकत्या मोकळ्या होतात आणि दोरा मधोमध बसतो. तो नुसता वरून गेला तर डायल कितीही फिरवा, टाका सैलच येणार. दोरा दोन्ही हातांनी धरून चकतीत हलकेच ओढून घ्या. बसला की बोटांना कळतं.

खालच्या लूपरपर्यंत तुमचा हात आणि चिमटा सहज पोचतो का, हे दुकानातच बघा. झाकण उघडल्यावर दोऱ्याची वाट रंगांच्या खुणांनी दाखवलेली हवी. लूपर ओवायला छोटी दांडी किंवा खटका दिलेला असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. दिव्याच्या, डिझाइनच्या किंवा जास्तीच्या फुटांच्या नावाखाली मात्र जास्त देऊ नका.

मग चार रंगांचे चार दोरे लावून शिवून बघा. वरच्या लूपरचा दोरा वर दिसला पाहिजे, खालच्याचा खाली, आणि दोघांची भेट बरोबर कापडाच्या कडेवर व्हायला हवी. खालचा रंग ओढला जाऊन वर आला तर वरचा लूपर घट्ट आहे किंवा खालचा सैल. वरचा रंग कडेवरून खाली वळला तर उलट. शिवण दोन्ही बाजूंनी ताणल्यावर मधे शिडीसारखे दोरे दिसले तर सुईचं टेन्शन सैल आहे. एका वेळी एकच डायल फिरवा, तेही थोडं. हे वाचता आलं की कुठल्याही मशीनला तुम्ही घाबरणार नाही.

कापड स्वतःचं न्या. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटच्या बाजूला कटपीस सहज मिळतात. रूबियाचा तुकडा, टी-शर्टचं होजिअरी, जीन्सची जुनी पट्टी आणि महेश्वरीची एखादी चिंधी, एवढं पुरे. महेश्वरीत रेशमाच्या उभ्या धाग्यांवर सुताचे आडवे धागे असतात. कापली की कडेचे धागे लगेच सुटू लागतात. सुरी थोडीशीही बोथट असेल तर या कापडाची कड कुरतडल्यासारखी दिसते. होजिअरी आडवं ताणून शिवा आणि कड सपाट बसते का पाहा. जीन्सच्या चार थरांवरून जाताना मशीनचा आवाज ऐका.

एक सावधगिरीची सूचना. टी-शर्टच्या खालच्या घडीवर दिसणाऱ्या दोन समांतर टिपा ओव्हरलॉकने येत नाहीत. त्याला कव्हरस्टिच लागतं, बाजारात फ्लॅटलॉक म्हणतात ते. घरी त्याची सोय जोडीच्या मशीनवर जुळी सुई लावून करायची. जुळ्या सुईला रुंद फट लागते, म्हणजे झिगझॅग मशीन लागतं. पायमशीनच्या सुईखालच्या पट्टीला एकच गोल भोक असतं, तिथे ती चालत नाही.

म्हणून जोडीचं मशीन असं बघा: सरळ टीप निर्दोष, झिगझॅग ५ मिलिमीटरपर्यंत, काज नेमकं. पन्नास-शंभर नक्षीदार टाक्यांचे पैसे देऊ नका. कडा आता ओव्हरलॉक सांभाळणार असल्यामुळे ते टाके तुम्ही वापरणारच नाही. काजाची परीक्षा बकरम घातलेल्या दुहेरी कापडावर घ्या. दोन्ही बाजूंची वीण सारखी दाट आली पाहिजे. पॅडल अगदी हळू दाबून एकेक टाका घालता येतो का पाहा. फुटाचा दाब कमी-जास्त करायची सोय असेल तर होजिअरीला फार उपयोग होतो. आजीचं काळं पायमशीन चालू स्थितीत असेल तर विकू नका. जाड कापडाची सरळ टीप त्याच्याइतकी सुरेख फार थोड्या मशिनी घालतात.

दोन्ही मशिनींना एकच घरगुती सुई चालते का विचारा. एचए एक्स १ किंवा १३०/७०५ एच ही कुठेही मिळते. ११ आणि १४ नंबर ठेवा, होजिअरीसाठी बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची.

दोऱ्याचे पांढरे, काळे आणि राखाडी चार-चार कोन पुरतात. रंग जुळवायचाच असेल तर फक्त सुईचा जुळवा.

बिल करतानाच खालची सुरी एक जास्तीची मागून घ्या. वरचीपेक्षा ती आधी झिजते, आणि सुरीच्या वाटेत टाचणी आली तर त्याच दिवशी बदलावी लागते.